गोळीही दाबते, जिवाणूही दाबतात. मग लेकीकडे उरलं काय?

पत्र

माझी मुलगी २४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिला शौचातून रक्त पडायला लागलं. दुर्बिणीतून तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होणारा आजार, निघाला. तेव्हापासून मेसालामिन चालू आहे, गेल्या वर्षी अॅझाथायोप्रिनही सुरू झालं. सध्या बरी आहे, चार महिन्यांत रक्त पडलेलं नाही. पण ही दुसरी गोळी प्रतिकारशक्ती दाबते असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्या जिवाला घोर लागला. त्यात परवा वाचलं की आतड्यातले जंतूसुद्धा रोगप्रतिकारक पेशींचं काम दाबून टाकतात. वरून गोळी दाबणार, आतून जंतू दाबणार, मग पोरीकडे उरलं काय? जाऊबाई म्हणतात, जुलाबाचं औषध देऊन आधी आतडं धुऊन काढ, मग प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा दे. काढा तीन आठवड्यांपासून बाटलीत भरून पाठवतेय. गोळी अर्धी करावी का, असंही मनात येतं. मुलगी म्हणते, आई, आता मला काही सांगूच नकोस. मी काय करू?

— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी दोन कामं करा. काढा आजपासून बंद. आणि गोळीला हात लावू नका. अर्धी नाही, पाव नाही, एक दिवसाआड नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. तेव्हा गोळीचा डोस ठरवणं माझं काम नव्हे, ते मुलीच्या पोटविकारतज्ज्ञांचं. पण तुमची सगळी भीती ज्या एका शब्दावर उभी आहे तो शब्द माझ्या विषयातला आहे, आणि तो उलटा कळल्यामुळे तुम्ही मुलीला उलटं औषध देताय. तो शब्द म्हणजे 'दाबणं'.

तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही. आतड्यातले कितीतरी जिवाणू रोगप्रतिकारक पेशींचं काम खरोखरच दाबतात. पण मराठीत 'दाबून टाकलं' म्हटलं की डोळ्यांपुढे गळा येतो, अन्याय येतो. इथे त्याऐवजी 'आवर घालतात' असं वाचून बघा. चिडलेल्या बैलाची वेसण धरणाऱ्याला आपण त्याचा वैरी म्हणत नाही. आणि अजून एक शब्द: तुम्ही पत्रभर 'जंतू' लिहिलंय. जंतू म्हटलं की मारायचेच असतात, असा आपल्याला लहानपणापासून धडा मिळालाय. त्यातून काहींच्या डोक्यात जंत आणि जंतू यांचीही गल्लत असते. मी 'जिवाणू' म्हणेन, म्हणजे आधीच कुणाला गुन्हेगार ठरवायला नको.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मुलीचा आजार हा प्रतिकारशक्ती कमी पडल्याचा आजार नाही. ती आवरेनाशी झाल्याचा आजार आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर तिच्याच पांढऱ्या पेशी तुटून पडतात, तिथे व्रण होतात, त्यातून रक्त येतं. अशा माणसाची प्रतिकारशक्ती 'वाढवायला' निघणं म्हणजे भडकलेल्या चुलीत अजून एक लाकूड सारणं. तुम्ही हे प्रेमापोटी केलंत, मला ठाऊक आहे. बाटली भरून, झाकण घट्ट लावून एसटीनं पाठवणारी आई काही वाईट चिंतत नसते. म्हणूनच हे स्पष्ट सांगतेय.

आतड्यात हा आवर लागतोच कशाला, ते बघा. माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा हिशेब २०१६ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा जरा जास्तच. वजनात मात्र हे सगळे जिवाणू मिळून पाव किलोच्या आत भरतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्या आणि आपल्या रक्तामांसाच्या मध्ये काय असतं? बुळबुळीत श्लेष्माचा थर आणि त्याखाली पेशींची एकच रांग. एकच! कातडीला जसे थरावर थर असतात, तसं इथे काही नाही, कारण इथून पाणी शोषून घ्यायचं असतं. आणि त्या एका रांगेच्या अलीकडे रोगप्रतिकारक पेशींची शरीरातली सगळ्यात मोठी गर्दी उभी असते. त्या पेशींनी समोर दिसेल त्या प्रत्येक जिवाणूवर शस्त्र उपसलं असतं, तर कुठलंही माणूस जन्मानंतर काही आठवडेसुद्धा सुखानं जगलं नसतं.

मला या विषयातला सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो तो उंदरांचा. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना 'आता पुरे' असा निरोप देतात, त्यातल्या एका निरोपाच्या रेणूचं नाव इंटरल्युकिन-१०. १९९३ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांना हा रेणू बनवताच येत नाही. बाकी ते उंदीर जन्मले, वाढले, आणि त्यांची आतडी सुजली. तुमच्या मुलीच्या आतड्यासारखीच दीर्घकाळची सूज. मग १९९८ मध्ये हेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात, अंगात एकही जिवाणू नसताना वाढवून पाहिले. त्यांना कोलायटिस झाला नाही. जिवाणू दिले, की झाला. म्हणजे नुसते जिवाणू असल्यानं आजार होत नाही, नुसता आवर नसल्यानंही होत नाही. जिवाणू आहेत आणि आवर नाही, अशी जोडी जमली की आतडं पेटतं. २००९ मध्ये तर काही लहान मुलांत हीच गोष्ट सापडली. त्यांच्या पेशींना इंटरल्युकिन-१०चा निरोप ऐकूच येत नव्हता, आणि जन्मानंतर थोड्याच काळात त्यांना आतड्याचा भयंकर दाह सुरू झाला होता. त्यातल्या एका मुलाची अस्थिमज्जा बदलली, निरोप ऐकणाऱ्या नव्या पेशी आल्या, आणि दाह थांबला.

हा आवर घालायला शरीरात खास पेशी असतात. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये ओळखून दाखवल्या, तेव्हा अशा काही पेशी असतात यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. पुढे अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ नावाचं जनुक शोधलं, ज्याच्याशिवाय या पेशी तयारच होत नाहीत. तिघांना मिळून २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या पेशींसाठी नोबेल! वाढवणाऱ्या नव्हे. हे जाऊबाईंना जरूर सांगा.

आता यात जिवाणू कुठे आले? जपानमध्येच केन्या होंडा यांच्या गटाला २०११ मध्ये दिसलं, की अंगात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात या नियामक पेशी फार कमी असतात. त्यांना क्लॉस्ट्रिडिया कुळातले जिवाणू दिले, की त्या वाढतात. दोन वर्षांनी त्यांनी एका निरोगी माणसाच्या शौचातून असे १७ जिवाणू निवडून काढले, जे एकत्र दिल्यावर उंदरात हे काम करतात. क्लॉस्ट्रिडिया म्हणजे धनुर्वाताच्या जिवाणूचे भाऊबंद. वर्गात हे नाव काढलं की मुलं दचकायची. त्याच खानदानातले हे शांत, कष्टाळू लोक.

ते हे करतात कसं, हे सांगायला मी तुम्हाला आमच्या प्रयोगशाळेत नेते. हवा चालत नाही असे जिवाणू आम्ही एका जाड पारदर्शक बरणीत वाढवायचो. झाकण कसून आवळायचं, आतली प्राणवायू शोषणारी पुडी सुरू करायची, आणि बरणी दोन-तीन दिवस उबेला ठेवायची. बरणी उघडली की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरायची. खवट लोण्याचा, आंबूस, पोट ढवळणारा वास. तो वास ब्युटिरिक आम्लाचा. लोण्यातच ते पहिल्यांदा सापडलं म्हणून त्याला लोण्याचं नाव. मी मुलांना सांगायची, नाक मुरडू नका, हाच पदार्थ या क्षणी तुमच्या मोठ्या आतड्यात तयार होतोय आणि तिथल्या अस्तराच्या पेशी त्यावरच जगतायत.

झालं असं, की आपण जो कोंडा, साल, चोथा खातो तो आपल्याला पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट आणि त्याची भावंडं निघतात. अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटमधूनच घेतात. उरलेलं आत झिरपतं आणि टी-पेशींपर्यंत जातं. तिथे ते काय करतं? तुम्ही सोलापूरच्या, सुताची कांडी तुम्हाला नवी नाही. पेशीतला डीएनए असाच प्रथिनांच्या छोट्या छोट्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो. जिथे धागा घट्ट बसलाय तिथलं जनुक वाचता येत नाही. धागा घट्ट ठेवणारी काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ब्युटिरेट त्या विकरांना थोपवतं, फॉक्सपी-३ जनुकाजवळ धागा सैल होतो, जनुक वाचलं जातं, आणि साधी टी-पेशी नियामक टी-पेशी बनते. २०१३ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. भाकरीच्या चोथ्यापासून पांढऱ्या पेशीच्या गाभ्यापर्यंतचा हा रस्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नाही.

इथे एक गोष्ट लगेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तुपाची बरणी पाठवाल. लोण्यातुपात ब्युटिरेट असतं हे खरं, पण तोंडानं खाल्लेलं ते लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या टोकाला जिथे तुमच्या मुलीचा आजार आहे, तिथवर ते फारसं पोचत नाही. तिथे ते तिथल्या तिथेच तयार व्हावं लागतं.

ब्युटिरेट ही काही एकच रीत नाही. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाच्या जिवाणूच्या अंगावर एक खास शर्करेचं आवरण असतं. ते नियामक पेशींना इंटरल्युकिन-१० बनवायला लावतं, असं सार्किस मॅझमानियन आणि डेनिस कॅस्पर यांनी उंदरांत दाखवलं. काही जिवाणू आपल्या पित्ताम्लांची मोडतोड करून त्यातून टी-पेशींना शांत करणारे रेणू बनवतात. आणि फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू आहे, निरोगी माणसात भरपूर असतो. क्रोन्सच्या रुग्णांत, म्हणजे कोलायटिसच्या सख्ख्या भावासारख्या आजारात, तो कमी झालेला दिसतो. फ्रान्समध्ये २००८ साली ते दिसून आलं.

पण सगळेच दाबणारे जिवाणू आपल्या भल्यासाठी दाबत नाहीत, आणि तुमच्या भीतीत तेवढा अंश खरा आहे. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी घ्या. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ मध्ये वाढवून दाखवला. अल्सर तिखट खाण्यानं, काळजीनं होतो असं म्हणणाऱ्यांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतःच प्यायला आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोकांच्या जठरात तो लहानपणीच मुक्कामाला येतो. तो इतकी वर्षं तगतो कसा? तो एक विष सोडतो. टी-पेशीला धोक्याची सूचना मिळाली की तिच्या आत एक निरोप गाभ्याकडे जातो आणि पेशी आपली संख्या वाढवायला लागते. हे विष तो निरोप मध्येच अडवतं. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध हाच निरोप अडवतं, आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते देतात, नव्या मूत्रपिंडावर शरीरानं हल्ला करू नये म्हणून. एका जिवाणूनं ती युक्ती आपल्या आधी कितीतरी काळ साधली होती, फरक एवढाच की स्वतःच्या जिवासाठी. तोंडातला फ्युसोबॅक्टेरियमही असाच. तो मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठींत जाऊन बसतो आणि गाठ मारायला आलेल्या पेशींवरचं थांबण्याचं बटण दाबून धरतो. जेरुसलेममध्ये २०१५ साली हे सापडलं.

म्हणून 'जिवाणू दाबतात' एवढ्या दोन शब्दांवरून काही ठरवता येत नाही. कोण दाबतंय, कुठे दाबतंय, कुणाच्या अंगात दाबतंय, हे बघावं लागतं. तुमच्या मुलीच्या मोठ्या आतड्यात आवर घालणारे कमी पडतायत. ज्यांना तुम्ही धुऊन काढायला निघालात, त्यांच्यातच तिचे कैवारी आहेत.

आता जुलाबाबद्दल. दुर्बिणीच्या तपासणीआधी तिला आतडं रिकामं करायचं औषध दिलं असेल. ते फक्त डॉक्टरांना आतलं नीट दिसावं म्हणून. तो उपचार नव्हता. कोलायटिसच्या रुग्णाला घरच्या घरी रेचक द्यायचं म्हणजे शरीरातलं पाणी आणि क्षार घालवायचे आणि शांत झालेल्या अस्तराला डिवचायचं. चार महिने रक्त नाही म्हणताय, ही फार मोठी कमाई आहे. ती हातानं घालवू नका. एनिमा, 'डिटॉक्स', कडुनिंबाचा रस, कशानंही 'सफाई' नको.

दुकानातून आपल्या मनानं घेतलेली अँटिबायोटिक्सही नकोत. सर्दीखोकला झाला की पुण्यात कोपऱ्यावरून पट्टी आणायची सवय असेल तर ती मोडायला सांगा. गरज असेल तेव्हा डॉक्टर देतील ती घ्यायचीच, तिथे हयगय नको, पण प्रत्येक वेळी डॉक्टरांना कोलायटिस आहे हे सांगून. अंगदुखी-डोकेदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्याही तिला सोसतील असं नाही, कधीकधी त्यांनी आजार उसळतो. काय चालेल ते एकदा विचारून कागदावर लिहून ठेवावं.

काढ्याचं मला जास्त काळजीनं लिहायचंय. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या अनेकांत यकृतावर स्वतःच्याच पेशींनी हल्ला केल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाला हे मान्य नाही, गुळवेल सुरक्षित आहे असं त्यांचं म्हणणं आहे. हा वाद तज्ज्ञ मिटवतील तेव्हा मिटवतील. तुमच्या मुलीपुरता तो वाद नाहीच, कारण तिला आधीच स्वतःच्या पेशींनी हल्ला करण्याचा आजार आहे, आणि अॅझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या यकृतावर तशीही नजर ठेवावी लागते. दोन्हींची भर कशाला घालायची? या आठवड्यात तिच्या डॉक्टरांना भेटून तीन आठवडे काढा घेतल्याचं सांगा. ते यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी सांगतील. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

गोळी काय करते तेही ऐका. अॅझाथायोप्रिन भराभर वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींना नवा डीएनए बनवण्यात अडथळा आणतं, म्हणजे हल्लेखोरांची भरती कमी होते. एका अर्थानं ती गोळी आणि ते शांत जिवाणू एकाच बाजूचे आहेत. 'वरून हे दाबणार, आतून ते दाबणार, उरलं काय' ही तुमची बेरीज म्हणूनच चुकते. जिवाणूंचा आवर मुख्यतः आतड्यापुरता असतो आणि गोळीनं प्रतिकारशक्ती शून्य होत नाही. संसर्गाचा धोका वाढतो, हे मात्र मी लपवणार नाही. म्हणून ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी चुकवायची नाही, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, आणि लसींबद्दल डॉक्टरांना विचारायचं. जिवंत जिवाणू-विषाणूंच्या लसी या गोळीवर असताना सहसा टाळतात. फ्लूच्या इंजेक्शनसारख्या बाकीच्या घेता येतात, घ्याव्यातही. गोळी आपल्या मनानं थांबवली की आजार परत उसळण्याची शक्यता वाढते, आणि उसळला की मग स्टेरॉइड, कधी त्याहून जड औषधं लागतात.

आता तुमच्या हातात खरोखर असलेली गोष्ट, स्वयंपाकघर. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नाही. मंगळवेढ्याची ज्वारी तुमच्या दारात आहे. पुण्यात ती बहुधा मैद्याचं आणि भाताचंच खात असेल. मोडाची मटकी, मूग, शिजवून गार केलेला भात किंवा बटाटा, जरा हिरवट केळं, शिजवलेला भोपळा, गाजर, हे सगळं त्या कष्टाळू जिवाणूंचं जेवण. पण हे आजार शांत असताना, आणि सावकाश. एका आठवड्यात अर्धी भाकरी वाढवली, पोट काय म्हणतं ते बघितलं, मग पुढचं. आजार उसळलेला असताना चोथा उलट त्रास देऊ शकतो, तेव्हा आहारतज्ज्ञ सांगतील ते मऊ, साधं. कुणाला मटकी सोसते, कुणाला मुगाच्या डाळीपलीकडे काही सोसत नाही. एकीचा तक्ता दुसरीला लागू होत नाही.

दही, ताक? खुशाल, सोसत असेल तर. घरच्या विरजणाचा थेंब मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. जांभळ्या रंगात रंगलेल्या बारीक काड्या आणि मण्यांच्या माळा, मुलं 'ओ' करून बघत राहायची. अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी लोकांवर केलेल्या एका अभ्यासात, २०२१ मध्ये, आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झालेली आढळली. पण ते निरोगी लोक होते, त्यावरून ताक हे कोलायटिसचं औषध ठरत नाही. दह्यातले जिवाणू बहुतांशी वाटसरू असतात, मुक्काम करत नाहीत.

जाहिरातीतल्या प्रोबायोटिक कॅप्सूलांबद्दलही हेच. ज्यांच्याबद्दल मी वर एवढं लिहिलं ते ब्युटिरेट बनवणारे बहुतेक जिवाणू हवा लागली की मरतात. फिकॅलिबॅक्टेरियम तर काही मिनिटांत. ते साध्या कॅप्सूलमध्ये सहसा मिळत नाहीत. त्यात असतात ते बहुधा दह्याच्या नात्यातले. आठ जातींच्या एका मिश्रणाची आपल्या देशातही कोलायटिसच्या रुग्णांवर चाचणी झाली आणि काहींना फायदा दिसला, पण तो नेहमीच्या औषधांच्या जोडीला, औषधांऐवजी नव्हे. इस्रायलमध्ये २०१८ साली असंही दिसलं, की अँटिबायोटिकनंतर अशी मिश्रणं घेतली तर माणसाचे मूळचे जिवाणू परत यायला उलट उशीर लागतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर असलेल्या व्यक्तीनं कुठलीही जिवंत जिवाणूंची पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी विशिष्ट आहाराच्या जोडीनं केलेत, २०२२ मध्ये त्याचे चांगले निष्कर्षही आले. ते रुग्णालयातच, दात्याच्या सगळ्या तपासण्या करूनच करायचं असतं. घरी कुणी सुचवलं तर कानांवर हात ठेवा.

आणि शौचाची तपासणी करून 'तुमच्या आतड्याला इतके गुण' असं सांगणारे महागडे अहवाल मागवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतले जिवाणू तपासले, तेव्हा आपल्याकडे प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जास्त आढळले. पाश्चात्त्यांच्या तक्त्याशी जुळत नाही म्हणून आपलं पोट बिघडलंय असं होत नाही.

एक तारीख मात्र लिहून ठेवा. मोठ्या आतड्याचा दाह सुरू होऊन आठेक वर्षं झाली की कर्करोगासाठी ठरावीक काळानं दुर्बिणीची तपासणी करायची असते, त्रास असो वा नसो. मुलीला अजून अवकाश आहे. आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, त्यासोबत ताप, छातीत धडधड, किंवा पोट फुगून दुखणं असं झालं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

शेवटी तिचं ते वाक्य, 'आता मला काही सांगूच नकोस.' मला त्यात राग कमी आणि दमणूक जास्त ऐकू येते. चोविसाव्या वर्षी ऑफिसात स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी हेरून ठेवायचं, सहलीला नाही म्हणायचं, डब्यातलं काय सोसेल याचा रोज अंदाज घ्यायचा, आणि त्यावर घरून रोज एक नवा उपाय. तुम्ही तिला सांगा, 'काढा मी बंद केला, माझं चुकलं, तो घेतल्याचं डॉक्टरांना सांगायला मी तुझ्याबरोबर येते, तू म्हणशील तरच.' डॉक्टर रागावतील म्हणून ती हे लपवत असेल, अनेक रुग्ण लपवतात. आणि बाटलीच्या जागी काय पाठवू, ते तिलाच विचारा. कडक भाकरी म्हणाली तर कडक भाकरी, शेंगाची चटणी तिखट नको म्हणाली तर बिनतिखटाची करून द्या.

यकृताचा रिपोर्ट आला की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते.